सोलापुरातून दूरशिक्षण : शब्बाथ शाळा, वर्ग आणि शिबिर

ख्रिस्ती शिक्षण, अध्यापन आणि मोकळ्या निसर्गातल्या शिबिरांचे नेतृत्व हे तीन विषय अमेरिकेतल्या काही ख्रिस्ती महाविद्यालयांत एकाच छताखाली शिकवले जातात, आणि अलीकडे ऑनलाइनही. मंडळीच्या शब्बाथ शाळेत, म्हणजे रविवारच्या शाळेत, मुलांना पवित्र शास्त्र शिकवणारा, शाळेत गणित आणि भाषा शिकवणारा आणि सुट्टीत मुलांना घेऊन रानात मुक्कामाला जाणारा माणूस तिथे बऱ्याचदा एकच असतो, म्हणून त्याची तयारीही एकत्र होते. सोलापुरातल्या मंडळ्यांतही ही तिन्ही कामे पुष्कळदा त्याच त्या हौशी शिक्षकांकडे येतात. पण भारतात या कामांच्या प्रशिक्षणाच्या वाटा वेगळ्या आहेत. पहिली चर्चच्या संस्थांनी आखलेली, दुसरी सरकारी कायद्यांनी बांधलेली आणि तिसरी गिर्यारोहण संस्थांच्या परंपरेतून आलेली. घरी बसून किती शिकता येते, याचे उत्तर म्हणूनच तिन्हीकडे वेगळे मिळते.

सोलापूरचा या विषयाशी संबंध इंटरनेटपेक्षा पुष्कळ जुना आहे. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मिशनचे ठाणे झाले आणि १८६०च्या दशकात काम सोलापूरपर्यंत पोचले. या मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि त्याने तो कधी लपवला नाही. पण शाळा काढली की शिक्षक लागतो, आणि मुलींच्या शाळेसाठी शिकलेली बाई त्या काळी आयती मिळत नव्हती. तेव्हा शिक्षक घडवणे हे शाळा चालवण्याइतकेच मोठे काम होऊन बसले. सिंथिया फॅरार १८२७च्या अखेरीस मुंबईत आल्या आणि १८३९ पासून अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवू लागल्या. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे त्यांच्याच संस्थेत घेतले, असे चरित्रकार सांगतात. पाळक आणि धर्मशिक्षक तयार करण्यासाठी अहमदनगरला १८७८ मध्ये सेमिनरी सुरू झाली.

सोलापूरची खास कामगिरी बालशिक्षणातली आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळाने अनाथ झालेली पुष्कळ मुले मिशनच्या आश्रयाला आली. त्यानंतरच्या वर्षांत मिशनच्या मेरी बी. हार्डिंग यांनी सोलापुरात किंडरगार्टन पद्धतीचे काम उभे केले, आणि बालवर्गाच्या जोडीला बालशिक्षिकांचे प्रशिक्षणही आले. फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीत सुरू केलेली ही पद्धत खेळ, गाणी, ठोकळे आणि बागकाम यांतून शिकवणारी होती. पंडिता रमाबाईंनी १८८६ ते १८८८ या अमेरिकेतल्या मुक्कामात तिचा अभ्यास केला होता आणि ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. मुलींचे वोरोनोको विद्यालय हेही सोलापुरातल्या याच मिशनच्या कामातून आले. बालशिक्षिका वर्गात बसून ऐकणाऱ्या नव्हत्या. समोर लहान मुले असल्याशिवाय ही पद्धत शिकताच येत नाही, हे फ्रोबेलच्या अनुयायांना पक्के ठाऊक होते. आज ऑनलाइन अभ्यासक्रमांपुढे उभा राहणारा मुख्य प्रश्न हाच आहे.

जुन्या निवासी पद्धतीची अडचण मात्र खरी होती. सेमिनरीत किंवा ट्रेनिंग कॉलेजात राहायचे म्हणजे नोकरी, शेती, घर आणि मंडळी दोन-तीन वर्षे सोडायची. तरुण आणि बिनसंसारी माणसाला ते जमे. गावात आधीपासून मंडळी सांभाळणारा चाळिशीचा माणूस, किंवा दोन मुलांची आई असलेली शब्बाथ शाळेची शिक्षिका, यांना ते शक्य नसे. म्हणजे जे प्रत्यक्ष काम करत होते तेच शिक्षणाबाहेर राहत होते.

या कोंडीवर पहिला मोठा तोडगा मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात निघाला. तिथल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीने १९६३ मध्ये विद्यार्थ्यांना बोलावून घेण्याऐवजी शिक्षकांनाच त्यांच्याकडे पाठवायला सुरुवात केली. राल्फ विंटर, जेम्स एमरी आणि रॉस किन्सलर ही या प्रयोगामागची प्रमुख नावे. विद्यार्थी आठवडाभर घरी स्वयंअध्ययनाची पुस्तके वाचत आणि त्यांतले प्रश्न सोडवत. आठवड्यातून एकदा जवळच्या गावी चार-सहा जण जमत आणि शिक्षकासोबत चर्चा करत. चर्चेचा विषय फक्त पुस्तक नसे. रविवारी उपदेश करताना किंवा आजाऱ्याच्या भेटीला गेल्यावर काय घडले, तेही तिथे निघे. स्वाध्याय, प्रत्यक्ष सेवा आणि गटचर्चा असे तीन भाग एकमेकांत विणलेले होते आणि त्यांतला एक काढला तर उरलेल्या दोघांना अर्थ राहत नसे. विस्तार पद्धतीचे ईश्वरविज्ञान शिक्षण म्हणून ही रीत जगभर गेली.

भारतात तिचे रोप लावले ते बंगळूरच्या टाफ्टी या संस्थेने, १९७१ मध्ये. अनेक चर्चपंथांनी मिळून चालवलेल्या या संस्थेचे पदवी पातळीचे शिक्षण इंग्रजीत, तर खालच्या पातळीचे अभ्यासक्रम मराठीसह अनेक भारतीय भाषांत आले. सोलापूरसारख्या शहराला ही पद्धत विशेष सोयीची ठरते. पुण्याची सेमिनरी इथून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर आहे आणि पाच दिवस नोकरी करणाऱ्याला तिथे रोज काय, दर आठवड्यालाही जाता येत नाही.

पदवीच हवी असेल तर वाट श्रीरामपूरकडे जाते; अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नव्हे, बंगालमधल्या. विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी १८१८ मध्ये तिथे कॉलेज काढले. ते गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात असल्याने १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने कॉलेजला पदव्या देण्याची सनद दिली आणि १९१८ च्या कायद्याने त्या अधिकाराला भारतात आधार मिळाला. मराठी वाचकाला केरी परके नाहीत: १८०५ चे मराठी व्याकरण आणि १८१० चा मराठी-इंग्रजी कोश त्यांचाच. पदव्या देणाऱ्या श्रीरामपूरच्या सिनेटशी आज देशभरातल्या सेमिनरी संलग्न आहेत. १९५३ मध्ये यवतमाळला सुरू होऊन १९८३ मध्ये पुण्याला आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी त्यांतलीच. मंडळीतल्या नोकरी करणाऱ्या सामान्य सभासदांसाठी सिनेटचे बहिःस्थ अभ्यासक्रमही आहेत. ख्रिस्ती अभ्यासातली पदविका आणि पदवी त्यांतून घेता येते.

इथे एक गोष्ट विद्यार्थ्याने आधीच समजून घ्यायला हवी. चर्चच्या जगात श्रीरामपूरच्या पदवीला मोठा मान आहे. आशियातल्या सेमिनरींचा दर्जा तपासणाऱ्या एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनच्या मान्यतेलाही आहे. पण ही मान्यता पाळकपणासाठी, मंडळीतल्या सेवेसाठी आणि पुढच्या धर्मशास्त्रीय अभ्यासासाठी आहे. ती सरकारी शाळेतल्या नोकरीचा परवाना नव्हे. ख्रिस्ती शिक्षणातली पदवी घेतली म्हणून शाळेत शिक्षक होता येईल, हा समज महागात पडणारा आहे.

विषय म्हणून ख्रिस्ती शिक्षणाची व्याप्ती वाटते त्यापेक्षा मोठी आहे. पवित्र शास्त्राचा आणि मंडळीच्या इतिहासाचा अभ्यास हा त्याचा पाया; त्यावर बालमानसशास्त्र, वयानुसार पाठ बसवणे, गोष्ट सांगण्याची कला, पालकांशी संपर्क आणि स्वयंसेवकांची बांधणी हे मजले चढतात. शब्बाथ शाळेची चळवळ इंग्लंडमध्ये रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये ग्लॉस्टर येथे सुरू केली, तेव्हा आठवडाभर कारखान्यात राबणाऱ्या मुलांना अक्षरओळख देणे हा तिचा मोठा भाग होता. भारतात इंडिया संडे स्कूल युनियन १८७६ मध्ये स्थापन झाली. मराठीत त्याआधीच, १८७३ मध्ये, ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक निघू लागले होते. सुट्टीतल्या बायबल शाळेची, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या व्हीबीएसची, सुरुवात १८९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झाली.

सोलापुरात या शिक्षकापुढे आणखी एक पेच असतो, तो भाषेचा. शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू घराघरांत बोलली जाते. शब्बाथ शाळेच्या एकाच वर्गात घरी तेलुगू बोलणारे मूल, मराठी शाळेत जाणारे मूल आणि इंग्रजी माध्यमात शिकणारे मूल शेजारी बसू शकतात. दुसऱ्या देशात तयार झालेला ऑनलाइन अभ्यासक्रम बालविकासाचे टप्पे उत्तम समजावून देईल. या तिघांना एकच दाखला कोणत्या शब्दांत सांगायचा, हे त्याला ठाऊक नसते. ते स्थानिक मार्गदर्शकाकडूनच शिकावे लागते. मुलांच्या सुरक्षिततेचा धडाही तसाच. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा पोक्सो कायदा शब्बाथ शाळेला आणि शिबिरालाही लागू आहे आणि गुन्ह्याची माहिती असूनही ती पोलिसांना न देणे हाच त्यात गुन्हा आहे. परदेशी अभ्यासक्रमात हा भाग त्या देशाच्या कायद्यावर बेतलेला असतो. भारतीय कायदा वेगळा वाचायलाच हवा.

शालेय अध्यापनात नियम फार काटेकोर आहेत आणि ते तसे असणे योग्यच आहे. शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांना राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता लागते. नेहमीच्या दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये किमान वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत घालवावे लागतात: वर्गनिरीक्षण, पाठ टाचण, सराव पाठ, मूल्यमापन हे सगळे त्यात येते. पूर्णपणे ऑनलाइन, शाळेत पाऊल न टाकता मिळणारी बी.एड. भारतात मान्य नाही. दूरशिक्षणाने बी.एड. करता येते, पण ती प्रामुख्याने नोकरीत असलेल्या प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांसाठी, किंवा ज्यांनी आधी नियमित वर्गातून मान्य शिक्षक-प्रशिक्षण पूर्ण केले आहे त्यांच्यासाठी आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले; ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. त्याची सेवांतर्गत बी.एड. ग्रामीण महाराष्ट्रातल्या शिक्षकांना परिचित आहे. १९८५ मध्ये स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठही अशी पदवी देते. दोन्हीकडे अभ्यासपुस्तिका घरी येतात, पण समंत्रकांची सत्रे, कार्यशाळा आणि शाळेतले पाठ चुकत नाहीत.

मान्यतेच्या बारकाव्यांकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, याचे उदाहरण अलीकडचेच आहे. नोकरीत असलेल्या अप्रशिक्षित शिक्षकांनी ३१ मार्च २०१९ पर्यंत पात्रता मिळवावी, अशी दुरुस्ती शिक्षण हक्क कायद्यात २०१७ मध्ये झाली. त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने डी.एल.एड. अभ्यासक्रम ‘स्वयम्’ संकेतस्थळ आणि दूरचित्रवाणी वाहिन्यांच्या आधारे चालवला आणि दहा लाखांहून अधिक शिक्षकांनी त्यात नाव नोंदवले. इतक्या मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन शिक्षक-प्रशिक्षण याआधी देशात झाले नव्हते. पण अभ्यासक्रम अठरा महिन्यांचा होता आणि नेहमीची पदविका दोन वर्षांची. नव्या भरतीत दोन्ही सारख्या मानायच्या का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने अठरा महिन्यांची पदविका समकक्ष नाही असे म्हटले. डिसेंबर २०२४ मध्ये, १० ऑगस्ट २०१७ रोजी नोकरीत असलेल्या आणि मुदतीत अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या शिक्षकांपुरता तो निकाल स्पष्ट करून न्यायालयाने त्यांना दिलासा दिला. मधल्या काळात हजारो शिक्षकांची घालमेल झाली. ज्यांनी प्रामाणिकपणे अभ्यास केला, त्यांच्यावर ही वेळ यायला नको होती.

पदवीबाहेरच्या शिकण्यात मात्र ऑनलाइन माध्यमाने शिक्षकांचे निखळ भले केले आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’वर व्याख्यानाची चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चामंच असे चार भाग असतात. शिकणे विनामूल्य आहे. प्रमाणपत्रासाठी परीक्षा केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. विद्यापीठाने मान्य केल्यास पदवीच्या एका सत्रातले चाळीस टक्क्यांपर्यंतचे श्रेयांक अशा अभ्यासक्रमांतून घेता येतात. २०१७ मध्येच आलेल्या ‘दीक्षा’ या मंचावर शिक्षकांचे ‘निष्ठा’ प्रशिक्षण चालते.

आणि या सगळ्यात सोलापूर जिल्ह्याने देशाला काहीतरी दिले आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले २००९ मध्ये रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत पडझडीला आलेली होती. मुलींच्या घरी कन्नड बोलली जाई आणि पुस्तक मराठीत होते. डिसले कन्नड शिकले, पहिली ते चौथीची पुस्तके त्यांनी मुलींना समजतील अशी केली आणि त्यांत क्यूआर कोड घातले. मोबाइल धरला की कविता ऐकू येई, पाठ दिसे. राज्याने ही कल्पना पुढे आपल्या पाठ्यपुस्तकांत घेतली. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. या कामात तंत्राच्या आधी कन्नड शिकणे आले, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. कोड छापणे सोपे होते. कोणत्या मुलीला काय समजत नाही ते ओळखायला वर्गातच राहावे लागले.

तिसरा विषय, निसर्गातल्या उपक्रमांचे नेतृत्व, सोलापूरकरांना सर्वांत अपरिचित. त्याचा आधुनिक उगम दुसऱ्या महायुद्धात आहे. जहाजे बुडाल्यावर तरुण खलाशी धीर सोडून मरत होते आणि वयाने मोठे अनुभवी खलाशी तगून राहत होते, हे जहाज कंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांना अस्वस्थ करत होते. शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या सोबत त्यांनी १९४१ मध्ये वेल्समधल्या अबरडोवी येथे आउटवर्ड बाउंड ही शाळा सुरू केली. पोहणे, होडी, डोंगर आणि बचावकार्य यांतून स्वभाव घडवायचा, ही तिची कल्पना. पॉल पेटझोल्ट यांनी १९६५ मध्ये अमेरिकेत काढलेल्या नोल्स या संस्थेने पुढे खास नेतृत्वाचे शास्त्र बांधले. ख्रिस्ती महाविद्यालयांनी याला शिबिरसेवेची जोड दिली. व्हीटन कॉलेजचे विस्कॉन्सिनमधले हनीरॉक केंद्र १९५१ पासून ते करत आले आहे.

भारतात दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट १९५४ मध्ये आणि उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ मध्ये सुरू झाली. उत्तरकाशीचा मूलभूत अभ्यासक्रम अठ्ठावीस दिवसांचा, पूर्ण निवासी असतो. शिकवण्याची पद्धत आणि शोध-बचाव यांचे वेगळे अभ्यासक्रम त्याच्या पुढचे. पुण्यात गिरिप्रेमी या संस्थेच्या पुढाकाराने गिर्यारोहणाचे प्रशिक्षण मिळते. भारत स्काउट्स आणि गाइड्समध्ये प्रौढ नेते प्राथमिक, प्रगत आणि शेवटी हिमालय वुड बॅज अशा पायऱ्या चढतात. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर तर सोलापुरातल्या अनेक विद्यार्थ्यांनी अनुभवलेले असते; मुलांचा गट सांभाळण्याची पहिली शिकवण पुष्कळांना तिथेच मिळते.

यातले किती पडद्यावर शिकता येते? नकाशावाचन, हवामानाचा अंदाज, धोक्यांची पूर्वपाहणी, शिधा आणि पाण्याचा हिशेब, पालकांची संमतिपत्रे, प्रथमोपचाराची तत्त्वे हे सगळे घरी नीट शिकता येते, आणि वर्गात घाईने ऐकण्यापेक्षा घरी पुन्हा पुन्हा पाहून जास्त पक्के होते. दोराची गाठ चित्रफितीवरून शिकता येईल, पण ती अंधारात, घामेजल्या हातांनी, घाबरलेल्या मुलाच्या कमरेला बरोबर बसली की नाही, हे जाणकाराने शेजारी उभे राहूनच तपासायचे असते. छाती दाबून श्वास परत आणण्याची कृतीही पुतळ्यावर हात ठेवून करावी लागते.

सोलापूरच्या शिबिरनेत्याला लागणारे ज्ञान हिमालयातल्यासारखे नाही. इथे बर्फ नाही, उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारा पारा आहे. म्हणून उष्माघात हा या भागातल्या शिबिराचा पहिला धडा. मूल असंबद्ध बोलू लागले, चालताना झोकांड्या खाऊ लागले, अंग तापले, तर त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत, वारा घालत थंड करायला तत्काळ लागायचे आणि त्याच वेळी १०८ ला फोन करायचा. शुद्ध हरपलेल्याला पाणी पाजायचे नाही. सकाळी अकरा ते दुपारी चार मैदानी कार्यक्रम न ठेवणे हा साधा नियम अनेक अनर्थ टाळतो. पावसाळ्यात भीमेचे पाणी उजनी धरणातून विसर्ग सुरू झाला की झपाट्याने चढते, त्यामुळे काठावरचा मुक्काम निवडताना धरणाची स्थिती विचारावी लागते. नान्नजच्या माळढोक अभयारण्यासारख्या १९७९ पासून संरक्षित गवताळ प्रदेशात शिबिर भरवता येत नाही. तिथे वन विभागाच्या नियमांनुसार पक्षी पाहायला जायचे असते. ख्रिस्ती शिबिरांसाठी महाराष्ट्रात जुनी जागा म्हणजे मावळातले वायएमसीएचे निळशी येथील केंद्र. साहसी उपक्रम व्यवसाय म्हणून घेणाऱ्यांना राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. सुरक्षेची साधने आणि प्रशिक्षित माणसे यांच्या अटी त्यात आहेत. त्या अटी मंडळीच्या बिनव्यावसायिक शिबिरानेही मार्गदर्शक म्हणून वापराव्यात.

परदेशी महाविद्यालयाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यापूर्वी काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्या लागतात. ती संस्था त्या देशात कोणत्या मान्यता मंडळाखाली येते. प्रात्यक्षिक सोलापुरात, स्थानिक मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली करता येईल का. थेट वर्ग भारतीय वेळेनुसार रात्री किती वाजता येतील. अभ्यासक्रम अर्धवट सोडल्यास किती शुल्क परत मिळेल. परदेशी ऑनलाइन पदवीला भारतात आपोआप समकक्षता मिळत नाही. भारतीय विद्यापीठाच्या ऑनलाइन पदवीचे तसे नाही: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांखाली मान्यता असलेल्या मुक्त आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांच्या बरोबरीच्या धरल्या जातात आणि त्या विद्यापीठांची यादी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर दर सत्राला पाहता येते. मंडळीतल्या सेवेसाठी शिकणाऱ्याला समकक्षतेची गरज नसते. त्याने आपल्या पाळकांना आणि डायोसिसला विचारून, शिकत असतानाच शब्बाथ शाळेचा एक वर्ग हाती घेतला, तर अभ्यासक्रमातला प्रत्येक स्वाध्याय त्याला पुढच्याच रविवारी वापरून पाहता येतो.